बारा घाण्यांच्या कुशाबाई

कारेगावात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, बारसं, दहावा, सगळं छापतो, आणि ज्यांचं छापतो त्यांच्यातल्या निम्म्यांचं तोंड मला बघवत नाही. सोसायटीवर बिनविरोध आलेला माणूससुद्धा चौकात दहा फुटांचा होऊन उभा राहतो, आणि फ्लेक्स वाऱ्यानं फाटला की शिव्या मला देतो. एकाच बाईचा फ्लेक्स मी आजवर मनापासून छापला. नेमकी त्यातच माती खाल्ली.

त्या बाई म्हणजे कुशाबाई. वय चौसष्ट, अंगानं काटक, आणि आवाज असा की हायवेला कंटेनर हॉर्न देत असला तरी त्यांची हाक आधी ऐकू येते. उमेदीची सगळी वर्षं मेंढरांमागं गेली. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि कोकणाच्या वाटेला लागायचं. मग रांजणगावची एमआयडीसी झाली, माळाला कुंपणं पडली, आणि एका साली त्यांनी मेंढरं विकून कारेगावात पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या. त्यांचे मालक भैरूआप्पा त्या दिवसापासून दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेत. रस्त्यानं जाणारी शेळी गाभण आहे की नाही ते लांबून सांगतात, आणि शक्यतो चुकत नाहीत.

कुशाबाईंना मात्र बसवत नाही. त्यांनी आधी भज्यांची गाडी टाकली. गावात शिफ्टवाले कामगार भरलेले, बिहारचे, ओडिशाचे, लातूरचे. त्यांच्यात पप्पू नावाचा एक सिवानचा पोरगा होता. तो पूर्वी पुण्यात कुठल्याशा फ्राईड चिकनच्या दुकानात कामाला होता. भजी खाता खाता एकदा तो म्हणाला, मावशी, हेच हात चिकनला लावा. त्यानं शिकवलं, तुकडा पिठात घोळायचा, गार पाण्यात बुचकळायचा, परत पिठात घोळायचा, म्हणजे तळल्यावर पापुद्रे उठतात. कुशाबाईंनी ऐकून घेतलं आणि मैद्यात निम्मं ज्वारीचं पीठ घातलं. पप्पूनं कपाळावर हात मारला. पहिला घाणा निघाल्यावर त्यानं तो हात खाली घेतला आणि एकट्यानं सहा तुकडे खाल्ले.

यंत्र भंगारवाल्याकडून आलं. एका बंद पडलेल्या कँटीनचा गॅसवरचा फ्रायर होता, दोन जाळ्यांचा. पाटी मी केली, "कुशाबाईचं कुरकुरीत चिकन". महिन्याभरात शिफ्ट सुटली की तिथं अशी रांग लागायची की माझ्या दुकानाचं दार बंद व्हायचं. मी भांडायला जायचो आणि लेग पीस घेऊन परत यायचो.

त्यांचा नेम एकच, बारा घाणे. एका तेलात बारा घाणे काढायचे आणि तेल उतरवायचं. मग समोर गिऱ्हाईक असो नाहीतर गावचा पुढारी. बाराच का, असं मी एकदा विचारलं. तेराव्या घाण्याला तेलाला भिजलेल्या मेंढीसारखा वास येतो, म्हणाल्या. मला कधी आला नाही. पण जन्मभर मेंढरांत राहिलेल्या बाईच्या नाकापुढं माझं नाक काय टिकणार. दुपारी बारा घाणे, संध्याकाळी नव्या तेलात बारा घाणे. मध्ये कोणी आलं तर त्याला उपाशी परत लावायच्या, आणि वर घरी जाऊन भाकरी खा म्हणून सांगायच्या.

आता त्यांचा धंदा वाढला कसा, ते ऐका. पुण्यामुंबईकडं याला फ्रँचायझी म्हणतात आणि त्याला वकील लागतो. कुशाबाईंनी ते अर्धलीनं केलं. अर्धल म्हणजे आपली शेळी दुसऱ्याला राखायला द्यायची आणि तिची करडं दोघांनी निम्मी निम्मी वाटून घ्यायची. पप्पूला शिरूरला दुकान टाकायचं होतं. कुशाबाईंनी त्याला एक फ्रायर दिला आणि सांगितलं, दुकान चाललं की कमाईतून दुसरा फ्रायर घे आणि मला आणून दे, मग पहिला तुझा. पीठ माझं, नाव माझं, घाणे बारा. कागद नाही, सही नाही. दोन वर्षांत पप्पूनं फ्रायर आणून दिला. तो न्हावऱ्याच्या तात्याबाला गेला. तात्याबानं आणला तो तिसऱ्याला. शेळी नीट राखली नाही तर मालक ती परत नेतो, हाही नियम फ्रायरला लागू. मला हे सगळं खुळेपणाचं वाटायचं आणि मी ते तोंडावर बोलून दाखवायचो. कुशाबाई म्हणायच्या, हौसराव, तुम्ही पाट्या रंगवा.

गेल्या वर्षी पुण्याहून एका कंपनीचे साहेब आले. बोलायला गोड, बूट स्वच्छ. त्यांना "कुशाबाईचं कुरकुरीत" हे नाव विकत हवं होतं. रक्कम मोठी होती, एवढंच सांगतो. त्यांनी लॅपटॉप उघडून अमेरिकेतली हकिकत सांगितली. तिथं एका म्हाताऱ्यानं पेट्रोल पंपाशेजारी चिकन विकायला सुरुवात केली, मग आपला मसाला घेऊन गावोगावच्या हॉटेलवाल्यांकडं गेला, नुसत्या हातावर हात मारून सौदे केले, आणि बघता बघता शेकडो दुकानं झाली. शेवटी सगळं एका कंपनीला विकून मोकळा झाला. साहेब म्हणाले, "मावशी, तुमचंही तसंच चाललंय. फक्त एक अडचण आहे. तुम्ही म्हणता चार दुकानं. मी अकरा पाहून आलोय."

कुशाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी लॅपटॉपकडं बघू लागलो, कारण अकराच्या अकरा पाट्या मी छापल्या होत्या.

झालं होतं असं. ज्यांना कुशाबाईंनी फ्रायर दिले, त्यांनी देणं फेडल्यावर पुढं आपल्या हिमतीवर आणखी घेतले आणि ते आपापल्या माणसांना अर्धलीनं दिले. त्यांनी पुढं दिले. ज्यानं ज्याच्याकडून घेतलं त्यानं त्यालाच सांगायचं, वर कोणी विचारत नाही आणि खाली कोणी सांगत नाही, हीच तर अर्धलीची रीत. सगळ्यांनी ती इमानानं पाळली. कळपाची सात कोकरं कुठं चरतात ते मालकिणीलाच ठाऊक नव्हतं. मला वाटलं, त्यांना माहीत असणार. त्यांना वाटायचं, हौसराव रात्रंदिवस एवढ्या पाट्या कुणाच्या छापतो कोण जाणे.

कंपनीची अट सरळ होती. कुशाबाईंनी नाव कंपनीला द्यायचं, मग कंपनीनं ती सात दुकानं नोटिसा देऊन बंद करायची. त्यांचा मुलगा शंभू सही करायच्या बाजूनं होता. त्याला दोष देऊन चालणार नाही. पंधरा वर्षं तो तेलापुढं उभा आहे, कोपरापासून बोटांपर्यंत चटक्यांचे डाग आहेत, आणि त्याला एकदा तरी एसीत बसून गल्ला सांभाळायचाय. शिवाय त्याचं म्हणणं बिनतोड होतं. तो आईला म्हणाला, "तुझं नाव लावून सात लोक काय तळत्यात ते तुला ठावं न्हाई. उद्या कुणाला बाधलं, तर पाटीवर फोटू कुणाचाय?"

कुशाबाईंना ते लागलं. रात्रभर झोप नाही, हे त्यांनीच मला सकाळी सांगितलं. अकरा दुकानं झाल्याचा आनंद त्यांना एक तासभरच झाला असेल, त्याच्यापुढं नुसती भीती. आपल्या नावानं कुणाचं पोट बिघडलं तर कुठं तोंड दाखवायचं, हाच घोर. शेवटी त्यांनी साहेबांना शब्द दिला. मी सातही दुकानं बघते. एका जरी ठिकाणी तेल काळं दिसलं, तर सही करते.

मी मोबाइलवर त्या अमेरिकन म्हाताऱ्याची उरलेली हकिकत शोधून काढली, कारण साहेबांनी ती अर्धीच सांगितली होती. विकून झाल्यावर तो बिचारा आपल्याच फोटोच्या दुकानात जाऊन बसायचा, रस्सा चाखायचा आणि हे काय केलंत म्हणून नावं ठेवायचा. कंपनी त्याचं ऐकत नव्हती. हे मी कुशाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हंजी फोटू त्याचा आन् तेल दुसऱ्याचं.

शंभूच्या छोट्या हत्ती टेम्पोत पुढं आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो. कंपनीचा कागद डॅशबोर्डवर. आपण कोण ते सांगायचं नाही, गिऱ्हाईक म्हणून जायचं, असं ठरलं. ओळखलं जायची भीती नव्हती. पाटीवरचा फोटो त्यांच्या मुलीच्या, मोनिकाच्या, लग्नातला होता, आणि मी कॉम्प्युटरवर त्याच्या सुरकुत्या काढून रंग दोन हात उजळ केला होता. फोटोतली बाई एखाद्या बँकेची मॅनेजर वाटायची.

पहिल्या दिवशी शिरूरच्या बाजूची चार पाहिली. इनामगावात नदीच्या रस्त्याला एका जोडप्याचं दुकान होतं. त्या गावात उकरलं की तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुली निघतात, आणि तो गडी गिऱ्हाइकांना ऐकवत होता की तळणाचा धंदा आमच्याकडं तेव्हापासून आहे. पण घाणा निघाला की बायको भिंतीवर कोळशाची एक रेघ मारत होती. बारा रेघा झाल्या की पुसायची. कुशाबाईंनी भिंत बघितली, तुकडा खाल्ला आणि पिठात मीठ कमी आहे म्हणून तिथल्या तिथं भांडण काढलं. शंभूनं त्यांना दंडाला धरून गाडीत बसवलं. दुसऱ्या दिवशी वडगाव रासाईला फक्त बाजाराच्या दिवशी उघडणारं एक होतं, तिथला म्हातारा घाण्यागणिक एक खडा खिशात टाकत होता. कुशाबाईंचा चेहरा खुलत चालला. मी मनातल्या मनात उड्या मारत होतो, कारण पाट्यांचं पाप माझ्या डोक्यावर होतं.

नदी ओलांडून दौंडच्या अंगाला आलो आणि एका फाट्यावर सगळं बिघडलं. दुकान टापटीप, पोरगा हसतमुख, पण कढत तेलाकडं बघूनच कळत होतं. डांबरासारखं. कुशाबाईंनी विचारलं, कितवा घाणा? तो म्हणाला, मोजतं कोण मावशी, तेल महाग झालंय. कुशाबाईंनी तुकडा घेतला नाही. गाडीत येऊन बसल्या आणि शंभूला म्हणाल्या, "सहीला कागद काढून ठिव." शंभूलाच आईकडं बघवेना. मला तर आपल्या सगळ्या पाट्या एकेक करून उतरवाव्यात असं वाटलं.

एक राहिलं होतं, दौंडात, कुरकुंभच्या रस्त्याला. शंभू म्हणाला, आता कशाला जायचं. कुशाबाई म्हणाल्या, घरातून सात बघायला निघालेय.

दुपारचे तीन वाजलेले. पत्र्याचं लहान दुकान, आत तिशीतली एक बाई फ्रायर घासत होती. नाव चांगुणा, ते पुढं कळलं. कुशाबाई सकाळपासून नीट जेवल्या नव्हत्या, चेहरा उतरलेला. त्यांनी दोन तुकडे मागितले.

चांगुणा म्हणाली, "तेल उतरवलं आजी. आता सांजच्याला."

कुशाबाई म्हणाल्या, अगं दोनच दे, ते उतरवलेलं तेल डब्यात दिसतंय की, त्यातच तळ. लांबून आलेय, भूक लागलीय. चांगुणानं मान हलवली. शेजारी वड्याची गाडी होती तिकडं बोट दाखवलं. कुशाबाईंनी हट्ट धरला, मी म्हातारी बाई, काय बिघडतंय एका घाण्यानं. मला कळेना, ह्या परीक्षा घेतात की खरंच भुकेनं कावल्यात. मला वाटतं दोन्ही.

"बारा झाले की बास," चांगुणा म्हणाली. "ज्यांच्या नावानं दुकान हाय त्यांचा नेम हाय त्यो. त्या आता न्हाईत, म्हणून काय मोडायचा व्हय?"

आणि तिनं आतल्या भिंतीकडं हात केला. तिथं कुशाबाईंचा मोठा फोटो होता. मागं सोनेरी किरणं, दोन्ही बाजूंना तेवत्या समया, वरून झेंडूचा हार, आणि खाली बशीत एक लेग पीस. रोजच्या पहिल्या घाण्यातला पहिला तुकडा ती फोटोपुढं ठेवत होती.

काम माझंच होतं. वर्षभरापूर्वी तिनं फोनवर आत लावायला एक फोटो मागितला होता. माझ्याकडं त्या दिवशी चार दहाव्यांची घाई होती. श्रद्धांजलीची चौकट कॉम्प्युटरवर उघडी होती, तिच्यातच मी कुशाबाईंना बसवलं आणि पाठवून दिलं. खालची "भावपूर्ण" वगैरे अक्षरं तेवढी आठवणीनं पुसली होती. पण समया बोलायच्या ते बोलल्याच.

शंभू एकदा फोटोकडं बघे, एकदा आईकडं. कुशाबाई मात्र फोटोपुढं जाऊन उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि किती तरी वेळ बघत राहिल्या. मी शिव्या खायची तयारी केली. त्या वळल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

चांगुणाला वाटलं, म्हातारी भुकेनं रडतेय. ती विरघळली. तिनं आपला डबा सोडला, दोन भाकरी आणि पिठलं, सोबत मिरचीचा ठेचा, आणि म्हणाली, तळून देणार नाही, पण माझ्यातलं जेवा. कुशाबाई खाली बसल्या. शंभू बसला. मीही बसलो, लाज सोडून. बोलता बोलता चांगुणानं गाव विचारलं. कारेगाव म्हटल्यावर ती पुढं सरकली.

"मग तुम्ही कुशाबाईंला बघितलं असंल. कशा व्हत्या?"

कुशाबाईंनी घास चावून संपवला. "तापट व्हती," म्हणाल्या. "पर तेल चांगलं ठिवायची."

शंभूला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर तो डोकं खाली घालून काही वेळ भाकरी कुसकरत बसला. मग चांगुणाला म्हणाला, की इकडं एका फाट्यावर एक यंत्र वाईट हातात पडलंय, ज्यानं दिलं त्याला सांगून ते मी उद्या उचलून आणणार आहे. तुमच्या ओळखीत नीट राखणारं कोणी आहे का? चांगुणा म्हणाली, माझी नणंद आहे कुरकुंभला, माझ्याहून कडक. शंभूनं आईकडं पाहिलं. आईनं त्याच्याकडं पाहिलं नाही, पण ठेचा त्याच्या बाजूला सरकवला.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. पाहणी झाली का, सही कधी मिळेल, ते विचारत होते. शंभूनं फोन आईच्या कानाला लावला, कारण त्यांचे हात पिठल्याचे होते.

"साहेब, शब्द दिला व्हता तसं काळं तेल सापडलं," कुशाबाई म्हणाल्या. "पर सही करते म्हणाली व्हती ती कुशाबाई वारली. हितं दौंडात तिच्या फोटूला हारबी घातलाय. आता जी बोलतीया तिची अकरा दुकानं हायती, आन् त्यातलं एकबी तुमच्या नोटिशीनं बंद व्हायचं न्हाई."

पलीकडून साहेब काहीतरी बोलत होते. शंभूनं फोन बंद केला आणि खिशात टाकला.

चांगुणा पाणी वाढत होती ती तांब्या हातात धरून तशीच थांबली. फोटो बघितला, समोरची बाई बघितली, पुन्हा फोटो बघितला. कळलं तशी तिचा चेहरा पडला.

"आये, मी तुम्हाला उपाशी परत लावत व्हते."

"लावत व्हतीस म्हणून तर बसले," कुशाबाई म्हणाल्या, आणि आपल्या पुढ्यातली चतकोर भाकरी तिच्या हातावर ठेवली.